न घडलेल्या गोष्टी कोणत्या रकान्यात लिहायच्या? : आरोग्य विभागास एका निवृत्त परिचारिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
आणि मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदांचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : उपकेंद्रातील परिचारिकांच्या कामाचे मोजमाप आणि स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांचा पाठपुरावा

महोदय / महोदया,

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील उपकेंद्रांत आरोग्य सेविका म्हणून आणि शेवटची काही वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका म्हणून काम करून मी अलीकडेच नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले आहे. सेवेत असते तर वर्तणूक नियमांमुळे असे पत्र जाहीरपणे लिहिता आले नसते, आणि आज ज्या मुली माझ्या जागी काम करत आहेत त्यांनाही ते लिहिता येणार नाही. म्हणून त्यांच्या वतीने, पण त्यांना न विचारता, मी ते लिहीत आहे. पत्रात तक्रारी आहेत. तरीही या नोकरीने मला काय दिले हे आधी सांगितल्याशिवाय ती नेमकी कुठे अडते हे आपल्या लक्षात येणार नाही, असे मला वाटते.

सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आपल्याला पाठ आहे. ही लोकसंख्या कागदावर अजून २०११ च्या जनगणनेवरून मोजली जाते. त्यानंतर गावाला किती वस्त्या जोडल्या गेल्या आणि कोणता तांडा कुठे सरकला, हे त्या वाटांनी फिरणाऱ्या बाईला ठाऊक असते. आमचे काम मुळात बाळंतपणाचे होते. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सहाय्यक परिचारिका प्रसविकेला बहुउद्देशीय कर्मचारी करण्याची शिफारस केली आणि तेव्हापासून कामांची यादी वाढतच गेली. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, बाळंतिणीच्या घरी भेटी, पाळणा लांबवण्याची साधने, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, क्षयरोगाच्या गोळ्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर, शाळेतील जंतनाशक गोळ्या, पिण्याच्या पाण्याचे नमुने, आणि मध्येच साथ आली तर हे सगळे सांभाळून ती साथ. एवढ्या कामांपैकी कोणतेही एक काम अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाची गरज मी दारोदारी पाहिली आहे.

नोकरीला नव्याने लागलेल्या मुली मला विचारत की मोठ्या रुग्णालयात परिचारिकेला निदान रुग्ण बरा होऊन घरी जाताना दिसतो, आपल्याला काय दिसते? प्रश्न रास्त आहे. उपकेंद्रातल्या कामाचे यश बहुतेक वेळा एखादी गोष्ट न घडण्यात असते आणि न घडलेली गोष्ट दिसत नाही. गोवर आला नाही, पक्षाघाताचा झटका आला नाही, बाळंतीण दगावली नाही. यातले एक उदाहरण मी थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे येणाऱ्या मासिक अहवालात ते सापडणार नाही.

पहिलटकरीण होती, नववा महिना लागलेला, दिवस वैशाखाचे. मी त्या घरी वेगळ्याच कामाला, जावेच्या लेकराच्या राहिलेल्या डोससाठी गेले होते. सासू म्हणाली, "काही नाही हो बाई, टँकरच्या पाण्याला उन्हात उभी राहिली, म्हणून डोकं धरून बसलीय." मी आत जाऊन बसले. सुनेच्या घोट्यावर अंगठा दाबला तो खड्डा तसाच राहिला. विचारल्यावर तिने सांगितले की कालपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रक्तदाब १६० वर ११० होता, लघवीत पट्टी बुडवली तर प्रथिनांचा रंग गडद आला. शेजारच्यांच्या जीपमधून तिला उपकेंद्रात आणले आणि पुढचे सगळे शिकवल्याप्रमाणे केले : रक्तदाब वाढून येणारे झटके (फिट) रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत पाच-पाच ग्रॅम, डाव्या कुशीवर निजवणे, १०८ ला फोन, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला रुग्ण येत असल्याचा निरोप. हे इंजेक्शन फार दुखते, औषध हळूहळू आत सोडावे लागते आणि तेवढा वेळ ती मुलगी सासूचा हात आवळून धरून होती. तिला झटका आला नाही. आठवड्याभरात आई आणि बाळ दोघेही घरी आले.

माझ्या अहवालात त्या महिन्यात "संदर्भित गरोदर माता" या रकान्यात एकाची भर पडली. पुढच्या आढावा बैठकीत मात्र माझ्या उपकेंद्रातील प्रसूतींची संख्या कमी का झाली, याचा खुलासा मला विचारण्यात आला. ती प्रसूती अर्थातच अंबाजोगाईच्या खात्यात जमा झाली होती. ज्यांनी विचारले त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांच्यासमोरच्या तक्त्यात तेवढाच आकडा होता आणि त्यांनाही वर कुणीतरी विचारणार होते.

या प्रसंगात औषध, १०८ आणि रुग्णालय यांचा वाटा मोठा आहेच. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती म्हणजे सासूने मला सुनेच्या खोलीत जाऊ दिले. तिच्या धाकट्या मुलाच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण माझ्या हातचा होता, तिच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी सोबत होते, आणि घरातली कोणती गोष्ट मी बाहेर बोलत नाही हे तिने पुरेशी वर्षे पाहिले होते. आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले, त्यामागेही हीच समज होती की ज्या बाईला गाव ओळखते तिचे म्हणणे गाव ऐकते. ही ओळख जुळायला काही वर्षे लागतात आणि बदलीच्या एका आदेशाने ती संपते. रिक्त पदाचा "अतिरिक्त कार्यभार" शेजारच्या सेविकेकडे दिला की कागदावर दोन्ही उपकेंद्रे चालू राहतात. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बायका तिच्याशी परक्यासारख्या वागू लागतात.

कंत्राटी मुलींचे तर याहून अवघड आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील सेविका तेच काम करते, त्याच रजिस्टरवर सही करते आणि कराराच्या नूतनीकरणाकडे डोळे लावून बसते. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा, शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण त्यानंतरही या कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. जिला स्वतःलाच पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तिने एखाद्या गरोदर बाईला "तुझ्या दुसऱ्या बाळंतपणालाही मी आहे" असा धीर कसा द्यावा?

आता वेळेविषयी. एका गरोदर मातेची माहिती आज आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) रजिस्टरमध्ये, पोर्टलवर, माता-बाल संरक्षण कार्डावर, लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर, मातृवंदना योजनेच्या अर्जात आणि जननी सुरक्षा योजनेच्या बँक तपशिलात, अशी वेगवेगळ्या ठिकाणी भरावी लागते. नाव, वय, पाळीची शेवटची तारीख, आधार, मोबाइल तेच. लिहायचे मात्र पुन्हा पुन्हा. मोबाइल बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो. नवरा पुण्याला किंवा कारखान्याच्या तळावर असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो उसाच्या फडात असल्यामुळे फोन उचलत नाही. इकडे ती बाई समोर बसलेली असते, तिचे हिमोग्लोबिन आठ असते, आणि मी तिच्याशी लोहाच्या लाल गोळ्यांविषयी बोलण्याऐवजी नेटवर्कसाठी ओट्यावर उभी असते. त्या गोळ्यांविषयी बोलायला वेळ लागतो. शौचाला काळे होते म्हणून ती त्या बंद करते, मळमळते म्हणून बंद करते, बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल असे कुणीतरी सांगितले म्हणूनही बंद करते. यातले खरे कारण ती पहिल्या पाच मिनिटांत सांगत नाही. गोळ्या वाटल्याची नोंद पोर्टलवर होते; तिने त्या गिळल्या की उतरंडीत ठेवल्या, हे विचारायला कुणी सवड ठेवलेली नाही.

डिजिटल नोंदींना माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. हाताने ओढलेल्या रकान्यांची जाडजूड रजिस्टरे मीही वर्षानुवर्षे भरली आहेत आणि महिनाअखेरीस बेरजा जुळवत रात्री जागवल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की नोंद एकदा व्हावी आणि बाकीच्या पोर्टलांनी ती तिथून घ्यावी. एवढे जमेपर्यंत निदान कागदी रजिस्टर आणि पोर्टल या दोहोंपैकी एक बंद करावे.

आकड्यांच्या मागे लागल्याने काय होते, याची दोन उदाहरणे देते. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एकाच मुलासाठीही कुपी उघडावी असे मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण महिन्याच्या शेवटी लसीच्या अपव्ययाचे प्रमाण काढले जाते तेव्हा वस्तीवर एका मुलासाठी कुपी उघडणारी सेविका निष्काळजी ठरते. "पुढच्या सत्राला या" असे आईला सांगून मूल परत पाठवणारीचा तक्ता स्वच्छ दिसतो. ते मूल पुढच्या सत्राला येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. त्याची आई शेतावर रोजंदारीने जाते. दुसरे उदाहरण कुटुंब नियोजनाचे. १९९६ साली केंद्र शासनाने कुटुंब नियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टे काढून टाकली, आणि त्या जागी कामाची "अपेक्षित पातळी" आली. मार्च महिन्यातील कोणत्याही आढावा बैठकीत बसणाऱ्याला या दोहोंत फरक करता येणार नाही. दोन मुलींनंतर नसबंदीला तयार नसलेल्या बाईचे मन वळवण्याची जबाबदारी सेविकेवर येते. तिच्या नवऱ्याच्या नसबंदीचा विषय निघाला की खोलीतले पुरुष अधिकारी हसून पुढच्या मुद्द्यावर जातात.

पण या पत्राचा मुख्य मुद्दा वेगळा आहे, आणि तो मराठवाड्याचा, त्यातही आमच्या बीड जिल्ह्याचा आहे.

दसरा झाला की टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बायको गरोदर आहे म्हणून घरी राहिली तर अर्ध्या कोयत्याचाच हिशेब होतो. सहाव्या महिन्यातली बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे किंवा कर्नाटकात जाते आणि फडाच्या कडेला कोपी (पाचटाची झोपडी) करून राहते. पहाटे मोळ्या बांधायला लागते, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात देत असे आणि ते कधीही दाखवा असे बजावत असे. पण कुणाला दाखवायचे? तिथल्या उपकेंद्राच्या सेविकेकडे तिच्या स्वतःच्या गावांची यादी असते आणि त्या यादीत फडातली कोपी नसते. इकडे माझ्या पोर्टलवर मात्र तिची चौथी तपासणी "प्रलंबित" दिसत राहते. तिच्या सोबत गेलेल्या दीड वर्षाच्या लेकराचा दुसरा गोवर-रुबेला डोसही थकबाकीत येतो आणि उत्तर मला द्यावे लागते.

यू-विनमुळे मूल देशात कुठेही लस घेऊ शकते आणि तिथली सेविका त्याची नोंद पाहू शकते, ही सोय खरोखर चांगली आहे, आणि जिथे जमले तिथे आम्ही ती वापरली. पण अमुक शिवारात काल टोळी उतरली, तिच्यात दोन गरोदर बायका आणि पाच लहान मुले आहेत, हे कोणतेही पोर्टल तिथल्या सेविकेला कळवत नाही. ते फक्त कारखान्याच्या शेतकी खात्याला आणि मुकादमाला माहीत असते. एका हंगामात मी मुकादमाकडून शिवाराचे नाव काढून, ओळखीच्या ओळखीतून तिकडच्या एका सिस्टरचा फोन मिळवला. तिने मला कधी पाहिलेले नव्हते आणि ती मुले तिच्या उद्दिष्टात मोजली जाणार नव्हती. तरीही ती लसीची पेटी घेऊन फडात गेली, त्या मुलांना टोचून आली आणि पोटुशीचा रक्तदाब घेऊन रात्री मला आकडे कळवले. माझ्या सेवेतला एवढा आनंदाचा फोन दुसरा आठवत नाही. पण अशी व्यवस्था दोन बायकांच्या भलेपणावर सोडून चालणार नाही, हे आपण मान्य कराल.

याच स्थलांतराशी जोडलेला दुसरा विषय आपल्या विभागाला परिचित आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत सुरू झाली. परवानगीचा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते ती वाट बरीच आधी सुरू होते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, फडात न्हायला आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. गावी आल्यावर ती खाजगी डॉक्टरकडे जाते आणि "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य घेऊन घरी येते. त्या टप्प्यावर जर तिची तपासणी झाली, जंतुसंसर्गाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स नवरा-बायको दोघांना दिला गेला आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी पुन्हा विचारले, तर पुष्कळ पिशव्या वाचतात. हे बोलणे बाई चारचौघांत करत नाही. ती लसीकरण आटोपून सगळ्या गेल्यावर मागे रेंगाळते, लेकराचे टोपडे सारखे करत बसते आणि मग हळूच विषय काढते. ज्या सेविकेला त्याच वेळी दुपारी चारच्या आत सत्राची ऑनलाइन माहिती भरायची असते, तिला ते रेंगाळणे दिसतही नाही.

बाकीच्या अडचणी मी थोडक्यात लिहिते, कारण त्या यापूर्वी अनेकांनी मांडल्या आहेत. मुख्यालयी राहण्याची सक्ती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जातो; पण निवासस्थानाच्या छताला गळती आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, याचा ठराव कुणी मागत नाही. प्रसूती कक्षाला पाणी लागते. टँकर गावात येतो तेव्हा पहिली घागर उपकेंद्राची, एवढा आदेश जरी गटविकास अधिकाऱ्यांमार्फत निघाला तरी पुष्कळ काम होईल. रात्री-अपरात्री एकटीने दार उघडावे लागते. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासून आहे, पण तो उपकेंद्रातील सेविकेलाही लागू होतो हे पोलीस ठाण्यात प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते.

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. सेविकेच्या कामाचा आढावा घेताना संख्येच्या शेजारी पाठपुराव्याचा एक रकाना असावा : जोखमीची म्हणून ओळखलेली प्रत्येक माता आणि रक्तदाबाची गोळी सुरू झालेला प्रत्येक माणूस तीन महिन्यांनी कुठे आहे, हे त्यात दिसावे. वेळेवर संदर्भित केलेली प्रसूती ज्या सेविकेने धोका ओळखला तिच्याही कामात धरली जावी. वस्तीवरच्या एका मुलासाठी उघडलेल्या कुपीचा खुलासा मागू नये. सेविकेची बदली करताना निदान पुढची सेविका रुजू होऊन दोघींनी मिळून घरभेटी करेपर्यंत जुनीला सोडू नये. शाळेचा चार्ज देताना खुर्च्या-टेबले मोजून देतात, इथे तर चार-पाच हजार माणसे ताब्यात द्यायची असतात.

आणि ऊसतोड कुटुंबांसाठी, कारखान्यांना गाळप परवाना देताना साखर आयुक्तालयाने त्यांच्याकडून टोळ्यांची शिवारनिहाय माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देण्याची अट घालावी, अशी विनंती आपल्या विभागाने त्या कार्यालयाला करावी. टोळ्या कुठे उतरवायच्या याचे नियोजन कारखान्याकडे असतेच. ते आरोग्य खात्यापर्यंत पोहोचत नाही, एवढीच उणीव आहे. इकडच्या बाजूने, टोळ्या निघण्यापूर्वी आशा आणि सेविका यांनी प्रत्येक जाणाऱ्या गरोदर मातेची व पाच वर्षांखालील मुलाची यादी करून ती त्या त्या तालुक्याला पाठवावी, आणि जिथे सेवा दिली जाईल तिथल्या सेविकेच्या कामात ती मोजली जावी.

या यादीचा एक पानाचा नमुना मी तयार करून जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या आवक विभागात दिला आहे. त्यात बाईचे किंवा मुलाचे नाव, मुकादम, कारखाना, प्रसूतीची अपेक्षित तारीख किंवा पुढची लस, आणि नक्की लागेल असा एक फोन क्रमांक, एवढेच रकाने आहेत. याद्या करायला आशांना किमान महिना लागतो, म्हणून याबाबतचे परिपत्रक श्रावण संपायच्या आत निघाले तरच ते या हंगामाला उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
बालाघाट परिसर, जिल्हा बीड